पडद्यावरच्या गाईलाही मालक हवा

किराळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) लागलेलं जनावर दवाखान्यापर्यंत क्वचितच पोचतं. पावसानं ओढ दिलेली असते, ज्वारी गुडघाभर होऊन सुकायला लागलेली असते, कुणाचं तरी लक्ष चुकतं आणि गाय त्या कोवळ्या धाटांत घुसते. थोड्याच वेळात धाप लागते, तोंडाला फेस येतो, पाय लटपटतात आणि जनावर आडवं होतं. पापणी उलटून पाहिली तर आत लालभडक. रक्तात प्राणवायू असतो, पण सायनाइडमुळे पेशींना तो वापरता येत नाही, म्हणून हा रंग. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट वेळेत शिरेतून गेलं तर तेच जनावर उठून उभं राहतं. पण ही वेळ मिनिटांत मोजायची असते. आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडच्या एखाद्या वस्तीवरून फोन येणार, डॉक्टर गाडीला किक मारणार, रस्ता विचारत विचारत पोचणार. तोवर बहुतेकदा पंचनाम्याचीच वेळ झालेली असते.

मग पशुवैद्यकाचा विद्यार्थी हे शिकतो कुठं? विषशास्त्राच्या तासाला सायनाइडवर टिपण मिळतं, ते पाठ होतं, परीक्षेत लिहिलं जातं. सोलापूरची पोरं पदवीसाठी शिरवळ, उदगीर, परभणी गाठतात, काही मुंबई-नागपूरला जातात. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. महाविद्यालयाच्या दवाखान्यात जी जनावरं चालत किंवा टेम्पोतून येऊ शकतात, तीच त्यांना दिसतात. किराळीचं जनावर टेम्पोत चढत नाही. ज्वारीच्या मुलखातला डॉक्टर ज्वारीनं मरणारी पहिली गाय पाहतो ती नोकरीला किंवा प्रॅक्टिसला लागल्यावर, आणि तेव्हा त्याच्या मागे उभं राहून सांगणारं कुणी नसतं.

म्हणून पशुवैद्यक शिक्षणात आभासी रुग्ण आणण्याची बाजू मी आधी मांडतो, आणि जोर लावून मांडतो. माझी तक्रार आहे, पण ती निराळी आहे, तिच्याकडे येतोच.

आभासी रुग्ण म्हणजे काही फार मोठी जादू नव्हे. संगणकावर किंवा मोबाइलवर एक केस उघडते. अमुक जातीची गाय, इतकी वेतं, अशी अशी लक्षणं. विद्यार्थ्यानं काय विचारायचं ते विचारायचं, ताप बघायचा, पोटाचा आवाज ऐकायचा, तपासण्या सांगायच्या, निदान ठरवायचं, औषध आणि मात्रा लिहायची. प्रत्येक पावलाला केस पुढे सरकते. जनावर सुधारतं, बिघडतं नाहीतर मरतं. मेलं तर पहिल्यापासून पुन्हा सुरू.

आमच्या पिढीचे डॉक्टर यावर हसतात. इथं जनावरांची काय वानवा आहे, म्हणतात. जिल्ह्यात खिलार आहे, पंढरपुरी म्हैस आहे, संकरित गाई गोठ्यागोठ्यात, उस्मानाबादी शेळ्या आणि मेंढरं आहेतच. सांगोल्याच्या बाजारात एक फेरी मारली तर पुस्तकातले निम्मे आजार उभे दिसतील. परदेशात जनावर मिळत नाही म्हणून त्यांना पडद्यावरची गाय लागते, आपल्याला कशाला?

ऐकायला हे बरोबर वाटतं. पण मुलखात जनावरं किती यावर विद्यार्थ्याचं शिक्षण ठरत नाही. त्याची दवाखान्यातली पाळी चालू असताना समोर काय आलं, यावर ते ठरतं. तिवा, म्हणजे गुरांचा तीन दिवसांचा ताप, पावसाळ्यात येतो. ज्याची पाळी मार्चमध्ये, त्याला तिवा दिसत नाही. दुग्धज्वर व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत. अडलेली गाय आली तरी हात एकाचाच आत जातो, बाकीचे मागे टाचा उंचावून बघत उभे. पुढच्या रांगेतल्याला वासराचा पाय कळतो आणि मागच्याला पुढच्याचं डोकं. पदवीच्या कागदावर मात्र दोघांचं शिक्षण सारखंच.

दुग्धज्वराचंच बघा. नाव ज्वर, पण अंग गार पडलेलं, ताप नेहमीपेक्षा कमी. गाय बसलेली, मान कुशीकडे वळवलेली, कान हाताला थंड लागतात. रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असतं. कॅल्शियमची बाटली शिरेतून गेली की डोळ्यांदेखत गाय थरथरते, शेण टाकते, उठते. मालकाच्या लेखी तो चमत्कारच. पण तीच बाटली घाईनं सोडली तर हृदय थांबतं. एका हातात बाटली, कानाला स्टेथोस्कोप, ठोका चुकायला लागला की सोडणं बंद; हे सगळं एका वेळी करायचं असतं. कुठला प्राध्यापक दुसऱ्याची ऐंशी हजाराची गाय विद्यार्थ्याच्या पहिल्या घाईच्या हवाली करेल? आणि का करावी? पडद्यावर मात्र त्यानं घाई करावी. ठोके बेताल होताना ऐकावेत, गाय मरताना पाहावी आणि पुन्हा केस उघडावी. स्क्रीनवर दहा गाई मेल्या तरी कुणाच्या दुधाचा रतीब चुकत नाही.

पिसाळण्याचं तर याहून गंभीर. पिसाळलेली गाय कुत्र्यासारखी अंगावर धावून येतेच असं नाही. ती नुसती हंबरते, लाळ गाळते, खायला बघते पण गिळता येत नाही. मालक छातीठोक सांगतो, घशात काहीतरी अडकलंय, बघा जरा हात घालून. नवा डॉक्टर हात घालतो. हातमोजा असला तर नशीब. पुढे लस, इंजेक्शनं, घरच्यांची झोप उडालेली. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस वाचत नाही, हे माहीत असूनही घशात अडकलेल्या आंब्याच्या कोयीपायी हात आत जातोच, कारण कोय अडकलेली जनावरं नेहमीची असतात आणि पिसाळलेलं एखादंच. असा फसवा रुग्ण विद्यार्थ्याला मुद्दाम भेटवायचा तर पडद्यासारखी सुरक्षित जागा नाही. इथं चुकला तर एक लाल खूण, तिथं चुकला तर लसीचा कोर्स.

बुळकांडी ही गुरांची जीवघेणी साथ २००६ मध्ये आपल्या देशातून आणि २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. आजच्या विद्यार्थ्याला ती आयुष्यात दिसणार नाही, आणि न दिसो. पण उद्या कुठं तशा खुणा दिसल्याच तर ओळखणार कोण? उलट २०२२ मध्ये लम्पीनं राज्यभर थैमान घातलं तेव्हा अंगभर गाठींची गाय बघून केस पांढरे झालेले डॉक्टरही एकमेकांना फोटो पाठवून विचारत होते. त्या काळात लम्पीची नीट तयार केलेली एक केस आठवड्याभरात तालुक्यातालुक्याच्या दवाखान्यात पोचवता आली असती, पर्यवेक्षकांपासून खासगी डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना. पोचले ते व्हॉट्सअ‍ॅपवरचे नुसखे.

जनावराच्या बाजूनंही बोललं पाहिजे. गाभण तपासणी शिकायची म्हणजे गुदद्वारातून हात घालून गर्भाशय चाचपायचं. एका गाईवर पाठोपाठ किती पोरांनी हात घालायचा? गाय कुंथते, आतली त्वचा सुजते, कधी फाटते. खोड्यात अडकवलेली असते, म्हणून गप्प. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं १७वं कलम प्रयोगांविषयी आहे, उपचारांविषयी नाही. पण त्यात सांगितलंय की पुस्तकं, प्रतिकृती, चित्रफिती अशा दुसऱ्या साधनांनी तेवढंच काम भागत असेल तर महाविद्यालयांत वगैरे जनावरांवरचे प्रयोग टाळावेत. पासष्ट वर्षांपूर्वीच्या माणसांना जे सुचलं, ते शिकवण्याच्या खोड्यालाही लावायला हरकत नसावी.

ब्रिटनमध्ये सारा बेली या पशुवैद्यक बाईंनी या शतकाच्या सुरुवातीला एक यांत्रिक गाय तयार केली. गाईच्या मागच्या भागाचा साचा, आत एक यंत्र, विद्यार्थ्याचं बोट त्या यंत्रात. बोट हलवलं की यंत्र उलट दाब देतं आणि आत गर्भाशय, बीजांड आहे असं हाताला जाणवतं. तिची खरी कमाल मला वेगळ्याच ठिकाणी वाटते. बोट आत कुठं आहे ते गुरुजींना पडद्यावर दिसतं. खऱ्या गाईत विद्यार्थी म्हणतो, "हो सर, लागलं हाताला," आणि सर मान डोलावतात. काय लागलं ते देव जाणे आणि ती गाय जाणे.

इथवर मी आभासी रुग्णाचा वकील. आता तक्रार.

ही केस येणार कुठून? खरेदी समितीला सोपा रस्ता म्हणजे तयार पॅकेज. परदेशातल्या विद्यापीठांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी बनवलेल्या केसेस, वर आपलं बोधचिन्ह चिकटवलेलं. त्या वाईट असतात असं नाही. पण त्यातली गाय बिनशिंगी होल्स्टीन. ती चकचकीत गोठ्यात उभी, कानात बिल्ला, बिल्ल्यावर सगळा इतिहास. विद्यार्थी रक्ततपासणी सांगतो, निकाल लगेच हजर. सोनोग्राफी सांगतो, चित्र हजर. आमच्याकडे पंढरपुरी म्हशीची तलवारीसारखी लांब शिंगं खोड्याच्या आडव्या पाइपात अडकतात. तिला आत घेण्यातच निम्मा जीव जातो. रक्ताचा नमुना तालुक्यातून जिल्ह्याला, तिथून गरज पडली तर पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात. निकाल येतो तेव्हा म्हैस एकतर चरत असते, नाहीतर पुरलेली असते. बटण दाबलं की निकाल, ही सवय ज्याला लागली तो सांगोल्याच्या उन्हात हात बांधून उभा राहील. त्याला डोळे, कान, नाक आणि डाव्या भकाळीत दाबलेली मूठ यांवर निदान करायला शिकवायचं, तर केसमधल्या प्रत्येक तपासणीला किंमत आणि विलंब लावला पाहिजे. मालकाच्या खिशात दीड हजार आहेत. तपासणी सांगितली की त्यातून पैसे वजा. संपले की मालक म्हणणार, "राहू द्या साहेब, बघू काय हुतंय त्ये." हा पर्याय पॅकेजमध्ये नसतो, पण आमच्या जिल्ह्यात तो रोज निवडला जातो.

आणि मालक. तिथंच खरी मेख आहे. माणसांच्या डॉक्टरकीत रुग्ण बोलतो. इथं रुग्ण मुका, बोलतो तो मालक, आणि मालक सगळं सांगत नाही.

अक्कलकोटकडच्या एका गोठ्यातली गोष्ट. संकरित गाय, परवा व्यालेली, बसून राहिली होती. बरोबर इंटर्नशिपचा पोरगा होता, हुशार, पुस्तक तोंडपाठ. त्यानं एका नजरेत दुग्धज्वर ओळखला, आणि बरोबर ओळखला. बाटली काढली, सुई काढली. मान चाचपताना शिरेवरच्या केसांत रक्ताचा वाळलेला ठिपका दिसला. मी विचारलं, आधी कुणी काही लावलं होतं का? मालक म्हणाला, "न्हाई बगा, तुमालाच पयल्यांदा बलावलंय." पोरगा सुई टोचायच्या बेतात. तेवढ्यात दारात बसलेली म्हातारी भाकरी थापता थापता म्हणाली, "सकाळी लावली न्हाई का बाटली त्यानं? आर्धी आत, आर्धी भाईर." मालकानं आईकडे असं बघितलं की बोलायची सोय नाही.

सकाळी कॅल्शियम गेलं होतं. किती गेलं, शिरेत की कातडीखाली, हे कुणालाच सांगता येईना. त्यावर आणखी एक बाटली भराभर सोडली असती तर गाय गेली असती आणि ठपका आमच्यावर आला असता. आम्ही ठोके मोजत, अगदी थेंबाथेंबानं, थोडंच सोडलं. पोराला घाम फुटला होता. पुस्तकात त्यानं दुग्धज्वराचं पान वाचलं होतं. त्या पानावर म्हातारी नव्हती.

मालक खोटं का बोलतो? डॉक्टर रागावेल म्हणून. सकाळी येऊन गेलेला माणूस भावकीतला असतो, त्याचं नाव घ्यायचं नसतं. उद्या रात्री बारा वाजता तोच येणार आहे, डिग्रीवाला डॉक्टर नाही, हेही त्याला पक्कं ठाऊक असतं. यात त्याची लबाडी कमी आणि हिशेब जास्त. कधी पोटावर डाग दिलेला असतो आणि वर गोणपाट पांघरलेलं. कधी घराचं बांधकाम चालू असतं आणि सेंट्रिंगच्या तारेचे तुकडे वैरणीत गेलेले असतात. ते तो लपवत नाही, पण त्याचा गाईच्या न खाण्याशी संबंध आहे हे त्याच्या गावीही नसतं. कोपरं फाकवून उभी राहणारी, उतारावर पाय न टाकणारी गाय दिसली की "घरकुलाचं काम चाललंय का मामा?" हा प्रश्न सुचला पाहिजे. तो कुठल्याच प्रश्नावलीत सापडत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: पडद्यावरच्या गाईला मालक द्या, आणि तो मालक अर्धंच खरं बोलणारा असू द्या. त्याला तीन वेळा वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारल्याशिवाय सकाळच्या बाटलीची कबुली मिळता कामा नये. दटावून विचारलं तर तो आणखी मिटला पाहिजे. गोठ्यात आणखी कोण आहे हे विद्यार्थ्यानं विचारलं तरच म्हातारी बोलली पाहिजे. दहा वर्षांपूर्वी असा बोलता मालक करणं अवघड होतं; आता संगणक मराठीत बोलतो, उलटे प्रश्न विचारतो. फक्त त्याच्या तोंडी "माझ्या गाईची भूक मंदावली आहे" असलं मराठी घालू नका. वैरण तोडली, रवंथ नाही, पान्हा चोरते, दोनदा उलटली, वार पडली नाही, गाभडली, असं बोलणारा मालक हवा. अक्कलकोट-दक्षिण सोलापूरचा असेल तर मधे कन्नड, शहरातला असेल तर तेलुगू नाहीतर दखनीही येऊ द्या. आता नीटमधून प्रवेश होतात, गाईच्या नाकात बोटं घालून मान धरायचं सोडाच, गोठ्यात पाऊल न टाकलेली मुलंमुलीही पशुवैद्यक होतात. त्यात वावगं काही नाही. त्यांच्यातले कितीतरी जण उत्तम डॉक्टर होतात. पण गोठ्यातली बोली त्यांना कुणीतरी आधी ऐकवायला हवी, आणि ती ऐकवायचं काम पडदा चांगलं करू शकतो.

अशा केसेस लिहायच्या कुणी? सोलापूर जिल्ह्यात जनावरांचे सरकारी दवाखाने आहेत, १९६२ वर फोन केला की येणारी फिरती पथकं आहेत, खासगी डॉक्टर आहेत. त्यांच्या नोंदवह्यांत केसेसचा ढीग पडलाय. नोंद असते एका ओळीची: गाय, चारा खात नाही, अमुक इंजेक्शन. त्या ओळीमागची गोष्ट त्या डॉक्टरच्या डोक्यात असते आणि त्याच्या निवृत्तीबरोबर जाते. रब्बी ज्वारीवर संशोधन करणारं केंद्र सोलापुरात आहे. ज्वारीच्या किराळीवर बोलता-चालता आभासी रुग्ण करायचा तर तो इथून व्हावा, नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठानं तो तपासून सगळ्या महाविद्यालयांना द्यावा. लिहिणाऱ्या डॉक्टरला मानधन मिळावं आणि केसवर त्याचं नाव यावं. मालकाचं आणि गावाचं नाव मात्र बदललेलंच असावं, नाहीतर उद्या म्हातारीची पंचाईत. आणि दरवर्षी केसेस बदलाव्यात, नाहीतर तिसऱ्या वर्षी त्यांची उत्तरं पीडीएफ होऊन वसतिगृहभर फिरतील, आणि मग सगळेच पास.

माझी मोठी भीती मात्र वेगळी. राज्यात नवी पशुवैद्यक महाविद्यालयं येऊ घातलीत. बारामती आणि परळीच्या महाविद्यालयांना मंत्रिमंडळानं २०२५ मध्ये मंजुरी दिली. चांगलंच आहे, आमच्या पोरांना जवळ पडेल. पण इमारत उभी राहते, संगणक कक्षाचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते; दवाखाना भरायला मात्र वर्षं लागतात. परिसरातल्या माणसाचा विश्वास बसावा लागतो, रात्री डॉक्टर असावा लागतो, औषध असावं लागतं. पडद्यावर रुग्ण आहेतच, मग खरे नसले तरी चालतील, हा हिशेब एखाद्या फाइलवर कधी चढेल सांगता येत नाही. तपासणीला आलेल्या समितीला संगणक दाखवणं गोठा दाखवण्यापेक्षा सोपं असतं, आणि संगणक शेणही टाकत नाही.

किटोसिस हा आजार झालेल्या गाईच्या श्वासाला गोडसर वास येतो, तो पडद्यातून येत नाही. व्यायला आलेली गाय लाथ कधी मारणार हे तिच्या शेपटीवरून कळतं. ते माऊसवरून कळत नाही. व्याल्यावर आतच राहून सडलेली वार काढताना हातमोज्यातून जे लागतं आणि त्यातून माणसालाही होणारा ब्रुसेलोसिस घरी येऊ शकतो म्हणून जी धास्ती लागते, तिची नक्कल नाही. म्हणून विद्यार्थ्यांच्या लॉगबुकात आभासी केसेससाठी वेगळा रकाना ठेवा. त्या रकान्यातली एकही केस खऱ्या जनावराच्या केसमध्ये धरू नका, दवाखान्याच्या पाळीच्या तासांत तर नाहीच. उलट नियम करा की दुग्धज्वर, किराळ, पिसाळणं, अडलेली गाय या केसेस पडद्यावर पार केल्याशिवाय त्या प्रकारच्या खऱ्या जनावराला विद्यार्थ्यानं हात लावायचा नाही. पशुवैद्यक परिषदेच्या अभ्यासक्रमाच्या नियमांत ही एक ओळ घालून घ्या. सॉफ्टवेअर खरेदीची निविदा त्यानंतर काढा, आणि निविदेत लिहा की गाय पंढरपुरी म्हशीसारखी शिंगाळही असली पाहिजे आणि तिचा मालक पहिल्या प्रश्नाला खरं उत्तर देणारा नसावा.